मुंग्यांच्या वसाहतीत हुकूम कोण सोडतं? आणि एकच वसाहत तीन खंडांवर पसरलीय हे खरं आहे का?

चौकस_मी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, शेवटी आज धागा काढला. मुंग्यांची रांग आपण सगळेच बघतो पण परवा जरा निवांत बघत बसले तर लक्षात आलं की समोरासमोर आलेल्या जवळपास प्रत्येक दोन मुंग्या क्षणभर थांबतात, मिशांना मिशा लावतात आणि आपापल्या वाटेने जातात. बाजूला काही जणी मेलेल्या झुरळाचा एक पाय ओढत होत्या. एक सोडून गेली की दुसरी लगेच धरायची, मध्येच दोघी उलट्या दिशेला ओढायला लागायच्या, आणि एवढा गोंधळ असूनही तो पाय बिळाच्या तोंडाशी पोचलाच. पुढारी कुणी दिसेना, मागून हाकणारी कुणी दिसेना.

तर प्रश्न असे की आज बाहेर किती जणींनी जायचं, कुठल्या वाटेने जायचं हे ठरवतं कोण? राणी आतून काही सांगते का? आणि दुसरं म्हणजे मी वाचलं होतं की अर्जेंटिनाकडची एक मुंगी युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये पसरलीय आणि ती सगळी मिळून एकच वसाहत धरतात. हे कसं शक्य आहे? मधे अख्खे महासागर आहेत ना. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज डिटेलमध्ये लिहा, मोठी पोस्ट झाली तरी वाचेन.

---

किडामुंगी

वा, माझ्या आवडीचा विषय. पहिल्या प्रश्नापुरतं मी लिहिते, दुसऱ्यावर रानवारा लिहितील अशी आशा आहे, त्यांचा त्यावर जास्त अभ्यास आहे.

हुकूम कुणीच सोडत नाही. राणी तर नाहीच नाही. ती अंडी घालते, तेवढंच तिचं काम. उलट अर्जेंटिनी मुंग्यांमध्ये दर वसंतात कामकरी मुंग्याच वसाहतीतल्या जवळपास ९० टक्के राण्या मारून टाकतात, आता बोला! त्यामुळे आत कुणी राज्य करतंय हे चित्र डोक्यातून काढूनच टाका.

मग काम चालतं कसं, तर तुम्ही जे बघितलंत ना, मिशांना मिशा लावणं, त्यावरच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्या अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या वाळवंटात १९८५ पासून त्याच त्याच वसाहतींवर लक्ष ठेवून आहेत. तिथल्या मुंग्या बिया गोळा करून खातात. बिळाच्या तोंडाशी आतल्या बाजूला बऱ्याच मुंग्या नुसत्या थांबलेल्या असतात. बाहेरून बी घेऊन एखादी आली की थांबलेली तिला मिशांनी चाचपते. उन्हात फिरून आलेल्या मुंगीच्या अंगावरच्या मेणाचा वास आत राहणारीपेक्षा वेगळा असतो आणि जोडीला बियांचा वास. थोड्या वेळात अशा बऱ्याच जणी भेटल्या की थांबलेली बाहेर पडते, कमी भेटल्या तर बसून राहते. झालं, एवढाच नियम. बाहेर बिया भरपूर असतील तर गेलेल्या पटापट परत येतात, त्यामुळे आणखी बाहेर पडतात. बिया कमी असतील तर परत यायला वेळ लागतो आणि बाहेर जाणं आपोआप मंदावतं. कुणी आकडा मोजत नाही, कुणाला परिस्थिती माहीत नाही, तरी अख्खी वसाहत परिस्थितीप्रमाणे वागते. २०१२ मध्ये गॉर्डन आणि त्यांच्याच विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्सचे बालाजी प्रभाकर यांनी दाखवलं की इंटरनेटवर फाइल पाठवताना लाइन किती मोकळी आहे त्याप्रमाणे स्पीड कमीजास्त करायची जी पद्धत आहे तिचं गणित जवळजवळ हेच आहे.

यातली मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. वाळवंटात बाहेर पडलं की मुंगीच्या अंगातलं पाणी उडतं आणि त्यांना पाणी मिळतं तेही बियांमधूनच. म्हणजे पाणी मिळवायला पाणी खर्च करायचं. कोरड्या कडक दिवसांत काही वसाहती धाडकन बाहेर जाणं कमी करतात, काही नाही करत. २०१३ मध्ये गॉर्डन यांनी इतक्या वर्षांच्या नोंदी मांडून दाखवलं की जास्त लेकी-वसाहती (वसाहतीतून निघालेल्या नव्या राण्यांनी काढलेल्या वसाहती) कुणाच्या झाल्या, तर ज्या अशा दिवशी आवरून घेतात त्यांच्या. आणि लेकी-वसाहतीही आईसारख्याच दिवशी थांबतात, लांब राहत असल्या आणि आईची कधी भेट झालेली नसली तरी. राणी तिथे २०-३० वर्षं जगते, कामकरी मुंगी जेमतेम वर्षभर. म्हणजे आतली प्रत्येक मुंगी बदलली तरी वसाहतीचा स्वभाव तोच राहतो.

आता वाट कशी ठरते ते. मुंगी चालताना जमिनीवर वास सोडते, फेरोमोन म्हणतात ते. १९८० च्या दशकात ब्रसेल्समध्ये जाँ-लुई देनुबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिळापासून खाण्यापर्यंत दोन पूल ठेवले, एक आखूड एक लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडे सारख्याच. पण आखूड पुलावरून गेलेल्या आधी परत येतात, त्यामुळे तिथला वास आधी दाट होतो, मग पुढच्या तिकडेच वळतात आणि थोड्या वेळात जवळजवळ सगळी रांग आखूड पुलावर. एकीनेही दोन्ही पूल मोजलेले नाहीत! पण हेही सांगते की हेच पूल उलट्या क्रमाने दिले, म्हणजे आधी फक्त लांब पूल आणि नंतर आखूड जोडला, तर बऱ्याचदा त्या लांबच्याच पुलावर अडकून राहतात, कारण तिथला वास आधीच इतका दाट झालेला असतो की नवीन वाटेला संधीच मिळत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी ही पद्धत उचलली तेव्हा (मार्को दोरिगो, १९९२ चा पीएचडी प्रबंध) त्यात वास पटकन उडून जाईल अशी सोय मुद्दाम ठेवली, ती या अडकण्यामुळेच.

---

रानवारा

किडामुंगी ताईंनी सुंदर लिहिलंय. अडकण्यावरून आठवलं, लष्करी मुंग्या (आर्मी अँट) जवळजवळ आंधळ्या असतात, पुढच्या मुंगीच्या वासामागे चालतात. पावसाने वगैरे वाट तुटली आणि पुढची रांग फिरून आपल्याच शेपटाला भेटली की त्या गोल गोल फिरत राहतात, थकून मरेपर्यंत. विल्यम बीब या निसर्गतज्ज्ञाने गयानाच्या जंगलात असं एक चक्र बघितल्याचं १९२१ मध्ये लिहून ठेवलंय, घेर जवळपास १,२०० फूट आणि एका मुंगीला एक फेरी मारायला अडीच तास. पुढारी नसण्याची ही किंमत आहे आणि ती सांगितली पाहिजे, नाहीतर मुंग्यांचं नुसतं कौतुक होतं आणि समजत काहीच नाही.

आता अर्जेंटिनी मुंगी. शास्त्रीय नाव लिनेपिथेमा ह्युमिले. दोन-तीन मिलिमीटरची तपकिरी मुंगी, दिसायला काहीच विशेष नाही, डंखही मारत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली. १९ व्या शतकात जहाजांतून बाहेर पडली. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सापडली, तिथून कॅलिफोर्नियात गेली, युरोपात गेली, १९९३ मध्ये जपानमध्ये हिरोशिमाच्या बाजूला सापडली.

२००२ मध्ये जिरो, पेडरसन आणि केलर या तिघा शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणच्या मुंग्या आणल्या आणि दोन-दोन करून एकत्र सोडल्या. साधारणपणे शेजारच्या दोन बिळांतल्या एकाच जातीच्या मुंग्या भेटल्या तरी मारामारी होते. इथे हजारो किलोमीटरवरच्या मुंग्यांनी मिशा लावल्या आणि शांतपणे बाजूला झाल्या. जवळजवळ ६,००० किलोमीटरच्या पट्ट्यात असंख्य बिळं आणि कुठेच भांडण नाही! फक्त स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या मुंग्यांचा गट वेगळा निघाला, त्यांना यांच्यात सोडलं की मरेपर्यंत मारामारी. म्हणजे युरोपात दोन गट, एक अवाढव्य आणि एक त्यामानाने लहान. अशा आपसात न भांडणाऱ्या अवाढव्य गटालाच सुपरकॉलनी म्हणतात.

पुढे २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी युरोपातल्या मोठ्या गटातल्या, कॅलिफोर्नियातल्या मोठ्या गटातल्या आणि जपानमधल्या मोठ्या गटातल्या मुंग्या समोरासमोर आणल्या. त्यांनी एकमेकींना आपलं मानलं. तर तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

मात्र सगळीकडे शांतता आहे असं समजू नका. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या बाजूला दोन सुपरकॉलन्या एकमेकींना भिडतात, त्या सीमेवर मेलेल्या मुंग्यांचा अक्षरशः खच पडतो. सीमा थोडी इकडे थोडी तिकडे सरकते पण लढाई थांबत नाही.

---

चौकस_मी

बाप रे. दोघांचे मनापासून आभार, दोन्ही पोस्ट दोनदा वाचल्या. पण आता नवीन प्रश्न. हजारो किलोमीटर लांबची मुंगी आपली आहे हे कळतं कसं? आणि मूळ देशात पण त्या अशाच न भांडता राहतात का? आणि त्या जर एकमेकींना कधी भेटणारच नसतील तर त्यांना एक वसाहत म्हणण्यात काय अर्थ आहे?

---

रानवारा

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकत्रच घेतो.

मुंगीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यात अनेक प्रकारचे हायड्रोकार्बन असतात. कुठला किती प्रमाणात आहे हे बरंचसं आनुवंशिक असतं. मिशा लावून मुंगी हे मिश्रण तपासते आणि आपल्यासारखं नसेल तर हल्ला. ओळख माणसाची असते तशी एकेकीची नाही, गटाची.

मूळ प्रदेशात सुद्धा एकाच वसाहतीत अनेक राण्या आणि अनेक बिळं असतात, पण पसारा फार तर काहीशे मीटर, मग दुसऱ्या गटाची हद्द लागते आणि भांडण. अशा कितीतरी वेगवेगळ्या वासांच्या वसाहती तिथे शेजारी शेजारी आहेत. जहाजातून बाहेर गेल्या त्या मात्र मोजक्या. मोजक्या मुंग्यांपासून पुढचे सगळे झाले, म्हणून सगळ्यांच्या अंगाचं मिश्रण जवळजवळ तेच. नवीन देशात शेजारी त्याच गटातला, मग भांडणात जाणारा जीव आणि वेळ सगळा वाढण्यात गेला. स्थानिक मुंग्या आपसात लढत असतात, यांना तो खर्चच नाही.

पसरण्याची पद्धतही समजून घ्या. बहुतेक जातींत राणी आणि नर उडतात, हवेत मिलन होतं, राणी दूर जाऊन एकटी नवीन बीळ काढते. अर्जेंटिनी राणी असं उड्डाण करत नाही, बिळातच मिलन होतं आणि मग ती काही कामकरी मुंग्यांना घेऊन चालत थोडं पुढे जाऊन राहते. असं चालत चालत वर्षाला फार तर काहीशे मीटर. म्हणजे स्वतःच्या पायांनी तिला समुद्र सोडा, मोठी नदी सुद्धा ओलांडता आली नसती. महासागर तिला आपण ओलांडून दिले. कुंडीतली माती, रोपं, लाकूड, जहाजातला माल. एक राणी आणि मूठभर कामकरी मुंग्या कुंडीत असल्या तरी नवीन वसाहत उभी राहू शकते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. शास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही. माझं मत असं की अन्न वाटून घेणं, अळ्या एकत्र सांभाळणं हे फक्त जवळच्या बिळांमध्ये होतं, जपानची मुंगी स्पेनच्या मुंगीसाठी काही करत नाही, त्यामुळे कामाच्या दृष्टीने ती एक वसाहत नव्हेच. पण समोर आणली तर ती तिला आत घेईल, पोसेल, आणि शेजारच्या गल्लीतल्या परक्या गटाच्या मुंगीचे तुकडे करेल. हद्द कुठे संपते हे मुंगी स्वतः जिथे ठरवते तिथेच मी मानतो, म्हणून मला सुपरकॉलनी हा शब्द पटतो.

लाल आगमुंगीचं (फायर अँट, सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा) पण असंच. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अमेरिकेत अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरली. नंतर ऑस्ट्रेलिया, तैवान, चीन इथे सापडली तेव्हा सगळ्यांना वाटलं मूळ देशातूनच आली असेल, पण २०११ मध्ये जनुकं तपासल्यावर निघालं की या सगळ्या अमेरिकेतूनच पुढे गेल्यात. एकदा व्यापाराच्या मोठ्या नाक्यावर बस्तान बसलं की तिथूनच जगभर जाते. २०२३ मध्ये इटलीत सिसिली बेटावर सिराक्यूज शहराजवळ तिची ८८ वारुळं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुरात तर ती अजून भारी वागते, सगळ्या जणी पायांनी आणि जबड्यांनी एकमेकींना धरून तराफा करतात, राणी आणि अळ्या सांभाळून, आणि दिवसेंदिवस तरंगतात. अंगाशी हवेचा थर धरला जातो त्यामुळे खालच्या थरातल्या सुद्धा बुडत नाहीत. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनमध्ये असे तराफे ठिकठिकाणी दिसले होते.

---

काचनळी

मी बरीच वर्षं मुंग्या पाळते त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि डोळ्यासमोरचं जास्त सांगू शकेन. मोठ्या काळ्या मुंगळ्याच्या जातीची राणी उड्डाणानंतर जमिनीवर सापडली की काचेच्या परीक्षानळीत ठेवतात. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला परत कापूस, आणि अंधार. खायला काही द्यायचं नाही! ती पंख स्वतःच पायांनी ओढून पाडून टाकते. आता उडायचं नाही म्हणून छातीतले उडायचे स्नायू आतल्या आत जिरवते आणि त्यावर स्वतः जगते, वर पहिल्या अळ्यांना तोंडाने भरवते. भिंगातून बघितलं तर अंडी एकेक सुटी नसतात, ओलसर गुच्छ असतो आणि ती सारखी चाटत असते, बुरशी लागू नये म्हणून. जरा धक्का लागला की सगळा गुच्छ जबड्यात उचलून नळीत फेऱ्या मारते. पहिल्या मुली निघतात त्या नेहमीपेक्षा बारक्या, कारण तिच्या अंगात होतं तेवढ्यातच त्यांना वाढवलेलं असतं. त्या बाहेर जायला लागल्या की राणीचं सगळं काम थांबतं, यापुढे फक्त अंडी. हवेतल्या त्या एका उड्डाणात घेतलेलं वीर्य ती पोटातल्या पिशवीत आयुष्यभर सांभाळते आणि प्रत्येक अंड्याला वापरायचं की नाही हे तिच्या शरीरातच ठरतं. वापरलं तर मुलगी, नाही वापरलं तर बिनबापाचा मुलगा. काळ्या बागमुंगीची (लेसियस नायजर) एक राणी पाळलेली असताना २८ वर्षांहून जास्त जगलीय.

मेलेल्या मुंग्या त्या उचलून एका कोपऱ्यात नेऊन टाकतात हे पाळणाऱ्या प्रत्येकाने बघितलेलं असतं. मेल्यावर एक-दोन दिवसांनी शरीरात ओलिक अ‍ॅसिड तयार होतं, त्याच्या वासावरून मेलंय हे कळतं. मुंग्यांचे नावाजलेले अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी हे अ‍ॅसिड जिवंत मुंगीला लावलं तर बाकीच्यांनी तिला हातपाय हलत असताना उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकलं. ती परत आली की परत नेलं. अंग चाटून पुसून साफ होईपर्यंत हेच.

पण यावरून त्या नुसत्या यंत्र आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या मुंगळ्यांवरचा अभ्यास आला. पायाला जखम झाली की बाकीच्या जणी ती जखम कुठे आहे त्याप्रमाणे उपचार करतात. जखम वर मांडीच्या भागात असेल तर खांद्यापाशी पाय चावून चावून तोडतात आणि जखमी मुंगी शांतपणे तोडू देते! खाली नडगीच्या भागात असेल तर तोडत नाहीत, नुसती चाटून साफ करतात. मांडीच्या जखमेत उपचार नसेल तर ४० टक्के पण वाचत नाहीत, पाय तोडला तर ९० टक्क्यांच्या वर वाचतात. खालच्या जखमेत जंतू वर फार वेगाने सरकतात आणि पाय तोडायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात उशीर होतो, म्हणून तिथे साफ करणंच बरं. हे वाचून मी कितीतरी वेळ माझ्या मुंग्यांकडे बघत बसले होते.

एक कळकळीची विनंती, मुंग्या पाळायच्या असतील तर आपल्या भागातल्याच पाळा, बाहेरच्या देशातल्या मागवू नका. २०२५ मध्ये केनियात चौघांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगचा दंड झाला, त्यातले दोन बेल्जियमचे किशोरवयीन मुलगे होते, त्यांच्याकडे जवळपास ५,००० मुंग्या सापडल्या, बहुतेक राण्या, कापूस घातलेल्या नळ्यांमध्ये भरून परदेशी हौशी लोकांना विकायला. रानवारांनी कुंडीतल्या मातीचं लिहिलंय, तिथे निदान नकळत होतं. हौस म्हणून जाणूनबुजून असलं करणं मला अजिबात मान्य नाही.

---

शंकेखोर

वाचतोय, मस्त धागा. एक व्यवहारातला प्रश्न, घरात बारीक पिवळट मुंग्यांची रांग लागली की मी स्प्रे मारतो, दोन दिवस बरं असतं मग आधीपेक्षा जास्त ठिकाणाहून निघतात. असं का?

---

किडामुंगी

@शंकेखोर, वर्णनावरून फेरो मुंगी (मोनोमोरियम फेराओनिस) असू शकते. एका वसाहतीत भरपूर राण्या असतात, आणि धोका जाणवला की वसाहत फुटून तुकडे होतात, प्रत्येक तुकडा अळ्या आणि राण्या घेऊन नवीन फटीत जातो. स्प्रेने रांगेतल्या मरतात, आतल्या फुटून पसरतात. त्यापेक्षा हळू काम करणारं आमिष ठेवा, जेल किंवा दाणे, म्हणजे त्या स्वतःच ते आत नेऊन राण्यांना आणि अळ्यांना भरवतात. आमिष ठेवलं की रांग वाढलेली दिसेल, तेव्हा स्प्रे मारायचा मोह आवरा.

---

दूरबीन

परदेशी मुंगी आली तर काय एवढं बिघडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी केनियाचं उदाहरण. तिथल्या गवताळ प्रदेशात शिट्टी बाभूळ म्हणतात त्या प्रकारची झाडं आहेत, काट्यांच्या बुडाशी पोकळ फुगवटे असतात आणि त्यात स्थानिक मुंग्या राहतात. हत्तीने झाड खायला सोंड घातली की या मुंग्या सोंडेत घुसून चावतात, हत्ती नाद सोडतो. या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोठ्या डोक्याची परदेशी मुंगी (फायडोले मेगासेफाला) पसरली. तिने त्या राखणदार मुंग्या मारल्या आणि झाडांचं रक्षण मात्र ती करत नाही. हत्तींनी झाडं मोडून खाल्ली, माळ उघडा पडला. सिंहाला झेब्रा मारायचा तर आडोसा लागतो, तो गेला. २००३ मध्ये सिंहांच्या शिकारीत झेब्रे ६७ टक्के होते ते २०२० मध्ये ४२ टक्क्यांवर आले आणि सिंह रानम्हशींकडे वळले, ज्यांच्या शिकारीत जास्त धोका आहे. हा अभ्यास २०२४ मध्ये आला. काही मिलिमीटरची मुंगी आणि सिंहाचं जेवण बदललं!

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळ्या वेड्या मुंगीने (यलो क्रेझी अँट) लाल खेकड्यांचं असंच केलं. डंख नाही, फॉर्मिक अ‍ॅसिड फवारते, खेकडा आधी आंधळा होतो मग मरतो. कोटीच्या घरात खेकडे गेले. जंगलाच्या जमिनीवरची पानं आणि रोपं खाऊन ते खेकडे जंगल मोकळं ठेवायचे, ते गेल्यावर खाली झुडपं माजली. त्या मुंग्यांचं खाणं कुठून येतं तर झाडावरच्या खवले किडींनी सोडलेल्या गोड चिकट्यातून. म्हणून २०१६ मध्ये तिथे मुंगीला सोडून त्या किडीवर अंडी घालणारी एक बारीकशी गांधीलमाशी सोडली, म्हणजे रसदच तोडायची. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो, कारण हेलिकॉप्टरमधून आमिष टाकून मुंग्या मरतात पण रसद चालू असली की परत वाढतात.

आणि मुंग्या म्हणजे सगळ्या वाईट असा अर्थ कृपया काढू नका. जगात मुंग्यांच्या १५ हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत, उपद्रवी त्यातल्या मूठभर. बाकीच्या माती उकरतात, बिया नेऊन पेरतात, मेलेलं उचलतात. २०२२ मध्ये एकूण अंदाज मांडला गेला, २ वर १६ शून्यं, म्हणजे २० हजार लाख कोटी मुंग्या. त्यांच्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगली पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या मिळून असलेल्या कार्बनपेक्षा जास्त आहे.

---

चौकस_मी

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. केनियाचं वाचून सुन्नच झाले. दोनच गोष्टी राहिल्या. एक, रांगेत काही मुंग्या नुसत्या उभ्या असतात, काहीच करत नाहीत, त्या कोण? दोन, ही अर्जेंटिनीची सुपरकॉलनी कधी संपते का, की अशीच पसरत राहणार?

---

किडामुंगी

एकचं सांगते. अ‍ॅरिझोनात डॅनियल शार्बोनो आणि अ‍ॅना डॉर्नहाउस यांनी टेम्नोथोरॅक्स जातीच्या मुंग्यांना रंगाचे ठिपके देऊन एकेकीवर लक्ष ठेवलं तर ४० टक्क्यांच्या आसपास मुंग्या बहुतेक वेळ रिकाम्याच. मग २०१७ मध्ये त्यांनी सगळ्यात कामसू २० टक्के काढून घेतल्या, तर आठवड्याभरात रिकाम्यांमधल्या काही जणींनी ती जागा भरून काढली. आणि उलट रिकाम्या काढल्या तर त्यांच्या जागी कुणी रिकामं बसायला आलं नाही. तर ती राखीव फळी आहे, आळशी म्हणू नका त्यांना.

---

रानवारा

संपते, निदान काही ठिकाणी तरी. न्यूझीलंडमध्ये ही मुंगी १९९० मध्ये ऑकलंडला पहिल्यांदा सापडली आणि मग बऱ्याच शहरांत पसरली. २०११ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी नोंद झालेल्या १५० जागा पुन्हा जाऊन बघितल्या तर ४० टक्के जागी ती एकतर पूर्ण गायब किंवा अगदी किरकोळ उरलेली. सरासरी १४ वर्षं टिकली आणि मग आपोआप ओसरली. आणि ती गेल्यावर तिथे पूर्वीच्या दुसऱ्या मुंग्या परत आल्या. टेक्सासमध्ये टॉनी क्रेझी अँट म्हणून दुसरी एक परदेशी मुंगी आहे, तिच्या काही वसाहती तर एका सूक्ष्म परजीवीमुळे पूर्ण कोसळल्या, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथे बिळं न भांडता एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे एकीकडे रोग शिरला की आडवायला हद्दच नसते. वाढायला जी गोष्ट उपयोगी पडली तीच इथे उलटली. युरोपातल्या मोठ्या सुपरकॉलनीचं मात्र अजून असं काही झालेलं नाही, तिथे ती टिकून आहे, त्यामुळे आपोआप जाईल म्हणून थांबून उपयोग नाही, बंदरावर आणि रोपवाटिकांत माल तपासणं हाच सध्या खरा उपाय आहे. तुम्ही रोपं एका गावाहून दुसऱ्या गावाला नेत असाल तर कुंडी उचलून खालचं भोक आणि मातीचा वरचा थर जरूर बघा, मुंग्या अंडी-अळ्या घेऊन पळताना दिसल्या तर ती कुंडी तिथेच ठेवा.